भाद्रपदातला पाऊस

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी या मंचावरून मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने होतात. मी विद्वान नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली वीसेक वर्षे राज्य शासनाच्या नोकरीत पाण्याशी संबंधित कामे करतो आहे. नाले मोजायचे, पुलियांचे माप घ्यायचे, पावसाळ्यात गेज वाचून वर कळवायचे, असे हे काम. कार्यकारिणीने विषय दिला, ‘वादळी पाऊस आणि पूर’. आपल्यापैकी अनेकांचे कारखाने, वर्कशॉप, गोदामे इथे सांवेर रोडवर आहेत, काहींची नोकरी इथे आहे. तेव्हा विषय आपल्या दारातलाच आहे. मी जे बोलेन ते माझे स्वतःचे मत समजावे, खात्याचे निवेदन समजू नये.

आधी मुद्दा सांगून टाकतो, म्हणजे कोणाला मध्येच आरतीच्या तयारीला उठावे लागले तरी हरकत नाही. पूर अर्धा आकाशात तयार होतो आणि अर्धा जमिनीवर. आकाशातल्या अर्ध्यावर आपला इलाज नाही. जमिनीवरचा अर्धा बराचसा आपल्याच हातचा असतो. आणि आपल्या माळव्यात हे दोन्ही अर्धे एकत्र येण्याचा धोका नेमका या दिवसांत, भाद्रपदात, मोठा असतो.

सांवेर रोडवर पडलेला थेंब कुठे जातो?

इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. महूच्या पुढे घाटाकडे गेले की पाणी दक्षिणेला उतरते आणि नर्मदेला मिळते. त्या रेषेच्या अलीकडचे सगळे पाणी उत्तरेला वळते. आपला सांवेर रोड उत्तरेच्या उतारावर आहे.

शहराच्या दक्षिणेकडच्या टेकाडांतून येणारी कान्ह आणि पश्चिमेकडून येणारी सरस्वती कृष्णपुरा छत्र्यांच्या परिसरात एकत्र येतात. पुढे कान्ह कबीटखेडीवरून, सांवेर रोडच्या बाजूबाजूने सांवेरकडे जाते आणि उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. म्हणजे आपल्या कारखान्याच्या पत्र्यावरून गळलेला थेंब, वाटेत कोणी अडवला नाही तर, काशीच्या घाटापर्यंत जायला निघालेला असतो. पुण्य आहे खरे, पण जबाबदारीही आहे. वरच्या अख्ख्या इंदूरचे पाणी आपल्या बाजूने खाली जाते आणि आपण सोडू ते पाणी सांवेरच्या शेतकऱ्याच्या शेतावर आणि उज्जैनच्या रामघाटावर पोहोचते. आपण मधले आहोत. वरून येणारे सोसायचे आणि खाली जाणाऱ्याचा विचार करायचा, अशी मधल्याची गत असते. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

ढग कसा बनतो

घरोघरी नुकतेच मोदक झाले. मोदकपात्राचे झाकण उचलले की आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात. वाफ गरम असते, वर जाते, गार झाकणाला लागते आणि तिचे पाणी होते. गडगडाटी ढगाचे मूळ तत्त्व एवढेच. जमिनीलगतची दमट, उबदार हवा वर चढते, वर जाताना थंड होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. पण एक फरक आहे. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. ती उष्णता हवेला आणखी वर ढकलते. खालून दमट हवेचा पुरवठा चालू राहिला तर ढग वाढतच जातो, बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत. वर बर्फाचे कण, खाली पाण्याचे थेंब, त्यांच्या घासाघाशीतून वीज. शेवटी वर चढणाऱ्या हवेला पाण्याचा भार पेलत नाही आणि ते सगळे एकदम खाली येते.

असा एकटा ढग फार टिकत नाही. अर्धा-पाऊण तासात त्याचा जोर संपतो. उन्हाळ्यातला वळीव हा असाच. 5 मे 2016 रोजी उज्जैनला सिंहस्थात असेच वादळ आले होते. मंडप कोसळले, भाविकांचे प्राण गेले, मेळ्याच्या मैदानात चिखल झाला. पण त्या पावसाने क्षिप्रेला मोठा पूर आला नाही. वळिवात वारा आणि वीज मारते. पुरासाठी आणखी काही लागते.

काय लागते? अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्या इंदुरात गिरण्यांच्या झांक्या निघतात. एक झांकी पुढे सरकते न सरकते तोच त्याच रस्त्यावर दुसरी येते, मग तिसरी. रस्त्याच्या कडेला बसलेल्याला रात्रभर झांक्याच झांक्या. ढगांची अशी मिरवणूक एकाच गावावरून निघाली की पूर येतो. प्रत्येक ढग आपला तासाभराचाच पाऊस पाडतो, पण मागचा लगेच त्याची जागा घेतो.

ही मिरवणूक काढतो तो बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा. तो ओडिशा, छत्तीसगड ओलांडून आपल्याकडे येतो. बहुतेक वेळा भोपाळ, सागरवरून उत्तरेला निघून जातो किंवा विरून जातो. पण कधीकधी पश्चिम मध्यप्रदेशावर येऊन रेंगाळतो. मग त्याला बंगालच्या उपसागराचे बाष्प मिळतेच, शिवाय अरबी समुद्राचेही मिळू लागते. दोन्हीकडून माल येत असेल तर दुकान रात्रभर उघडे राहते. मग इंदूर, उज्जैन, देवास, धार, झाबुआ अशा सगळ्या पट्ट्यात एकाच वेळी पाऊस होतो आणि त्यात मध्ये मध्ये गडगडाटी ढगांच्या जोरदार सरी असतात. आपण ज्याला इलाक्याचा पूर म्हणतो, तो यातून येतो.

मिलिमीटर म्हणजे नक्की किती?

वर्तमानपत्रात ‘काल 100 मिमी पाऊस’ असे छापून येते. आपल्या वडीलधाऱ्यांना इंचात कळते, म्हणून चार इंच म्हणू. वाचायला काही विशेष वाटत नाही. आता हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरवर 100 मिमी म्हणजे दहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. एका चौरस किलोमीटरवर.

हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिमीपासून पुढे ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.5 पासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस म्हणतात. एका तासात 100 मिमी थोड्याशा जागेत पडला तर ती ढगफुटी. आपल्याकडे कुठेही गुडघाभर पाणी साचले की ‘ढगफुटी झाली’ म्हणतात. तसे दर वेळी नसते. पुष्कळदा ढग बिचारा शाबूत असतो, नाली तुंबलेली असते.

इंदुरात वर्षभरात सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 2020 च्या ऑगस्टमध्ये 22 तारखेच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत 260 मिमीहून अधिक, म्हणजे दहा इंचांवर पाऊस झाला. वर्षाचा चौथा हिस्सा एका दिवसात. पण एक जुनी नोंदही ध्यानात ठेवा. 27 जुलै 1913 रोजी इंदुरात साडेअकरा इंच पाऊस झाला होता. तेव्हा होळकरांचे राज्य होते, शहर लहान होते. म्हणजे असा पाऊस आजच पडू लागला असे नव्हे. तो पूर्वीही पडत होता. ज्या जमिनीवर तो पडतो, ती जमीन बदलली.

जमिनीचा हिशेब

आपली माळव्याची काळी माती सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ पोटात जातो. पण भिजल्यावर ही माती फुगते, भेगा बुजतात आणि मग तिच्यातून पाणी फार हळू मुरते, तासाला काही मिलिमीटर एवढेच. आषाढात पाणी पिणारे शेत भाद्रपदात तोंड मिटून बसते. वरून ओतले तितके बाहेर.

शेताचे हे आणि फरशी, सिमेंट, डांबर, पत्रा यांचे तर बाराही महिने तोंड मिटलेले. आमच्या डिप्लोमाच्या पुस्तकात एक साधे सूत्र असते. जमीन किती पाणी बाहेर टाकते त्याचा अंक, पावसाचा जोर आणि क्षेत्रफळ, या तिघांचा गुणाकार. आकडेमोड मी करून आणली आहे. एक चौरस किलोमीटर शेतजमीन आहे, पाऊस तासाला 50 मिमी. माती अजून पाणी घेते आहे असे धरले तर त्या शेतातून सेकंदाला सुमारे चार हजार लिटर पाणी नाल्यात येते. त्याच जागी कारखाने, पत्र्याच्या शेड, काँक्रीटचे रस्ते झाले की सेकंदाला अकरा हजार लिटर. पूर्वी अडीच सेकंदाला एक टँकर यायचा, आता प्रत्येक सेकंदाला एकाहून जास्त. पाऊस तोच, ढग तेच, नाला तोच. खरे तर नाला तोच नाही. तो तेवढ्या काळात अरुंद झाला आहे.

आपल्यापैकी कोणाची शंभर बाय पन्नास फुटांची शेड असेल तर तासाला 50 मिमी पावसात तिच्या एकट्या पत्र्यावरून तेवीस हजार लिटर पाणी उतरते. दोन टँकरहून जास्त. ते आपण पन्हळीने रस्त्यावर सोडतो आणि म्हणतो, रस्त्यावर फार पाणी साचते बुवा, नगर निगम काही करत नाही.

भाद्रपदच का?

हे भाषण तयार करताना मी कॅलेंडर पुढे घेऊन बसलो आणि अलीकडच्या मोठ्या पुरांच्या तारखांसमोर तिथी लिहिल्या. आपल्या पंचांगाप्रमाणे सांगतो.

22 ऑगस्ट 2020, इंदुरातला तो दहा इंचांचा पाऊस. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. करोनाचे वर्ष होते, मोठे मंडप नव्हते, नाहीतर त्या सकाळी मूर्ती आणायला निघालेल्यांचे काय झाले असते, विचार करा.

14 सप्टेंबर 2019, भाद्रपद पौर्णिमा. विसर्जनाला दोन दिवस झाले होते. त्या सुमारास गांधीसागर धरणात इतके पाणी आले की दरवाजांतून सोडले तरी आवरेना. पाणी धरणावरून वाहिले, वीजघरात शिरले. वरच्या बाजूला रामपुरा बुडाले आणि खाली राजस्थानात कोट्याला हाहाकार झाला.

25 सप्टेंबर 2019, पितृपक्ष, म्हणजे भाद्रपदच. पुण्यात रात्री वादळी पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला पूर आला.

15 ते 17 सप्टेंबर 2023, भाद्रपदाची सुरुवात, चतुर्थीला जेमतेम तीन-चार दिवस. इंदुरात 24 तासांत 170 मिमीच्या आसपास पाऊस, उज्जैनला क्षिप्रेने रामघाटावरची देवळे पाण्याखाली घेतली, नर्मदेला पूर येऊन मोरटक्क्याचा पूल बंद करावा लागला.

चारही घटना भाद्रपदातल्या. मुंबईची 26 जुलै 2005 आषाढातली होती, सांताक्रूझला 944 मिमी. त्यामुळे पूर फक्त भाद्रपदातच येतो असे मी म्हणत नाही. पण आपल्या बाजूला या महिन्यात तीन गोष्टी जुळतात. माती भरलेली असते, तलाव आणि धरणे काठोकाठ असतात आणि उपसागरातले कमी दाबाचे पट्टे अजून येतच असतात. भरल्या घागरीत लोटी ओतली तरी पाणी सांडते.

2023 ने मात्र वेगळाच धडा दिला. त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आपल्याकडेही लोक पाऊस मागत होते, सोयाबीन माना टाकत होते. आणि सप्टेंबरच्या मध्यावर तीन दिवसांत सगळे उलटे झाले. म्हणजे ‘यंदा पाऊस कमीच आहे’ म्हणून निर्धास्त राहणेही चूक. सिमेंटच्या जमिनीला भरायला महिना लागत नाही.

पुढे हस्त नक्षत्र लागते. आपल्या आजी त्याला हत्तीचा पाऊस म्हणत, मुली हादगा-भोंडला खेळत. मान्सून परतताना दुपारनंतर गडगडाट करून पडणारा तो पाऊस. जुन्या लोकांकडे रडार नव्हते, पण या दिवसांत ढग कसे वागतात हे त्यांनी नीट पाहून ठेवले होते.

यात हवामानबदलाचाही भाग आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 साली अभ्यास प्रसिद्ध केला. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्या, असे त्यात दिसले. हीच संस्था आपल्या सीहोर जिल्ह्यात सीलखेडा येथे ढगांचा आणि पावसाचा अभ्यास करण्याचे केंद्र चालवते.

ओढा आणि नदी: दोन वेगळे पूर

आता या विषयातली सर्वांत कामाची गोष्ट. लहान नाल्याचा पूर आणि मोठ्या नदीचा पूर, हे दोन वेगळे प्राणी आहेत.

नाल्याचे पाणलोट लहान असते. पाऊस पडला की अर्ध्या-एक तासात पूर दारात. पुण्याचा आंबिल ओढा आठवा. अनेकांचे नातेवाईक त्या बाजूला राहतात. वर कात्रजच्या डोंगरात रात्री पाऊस कोसळला, कात्रजचा तलाव आधीच भरलेला, आणि ओढा अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पुलाकडे असा घुसला की सोसायट्यांच्या भिंती पडल्या, मोटारी एकमेकींवर चढल्या. पुणे शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे गेली. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांतल्या कित्येकांना आपण ओढ्याकाठी राहतो याची एरवी आठवणही नसेल. वर्षातले अकरा महिने ओढा म्हणजे एक वास येणारी गटार असते. पण पाणी आपली वाट विसरत नाही.

आणि डोक्यावर पाऊस नसला तरी नाल्याला पूर येऊ शकतो. 17 जुलै 2011 रोजी पातालपाणीला सहलीला गेलेले इंदूरचे एक कुटुंब धबधब्याच्या काठाशी अडकले. पाच जण वाहून गेले, त्यांतले तिघे वाचले नाहीत. वर पडलेला पाऊस बघता बघता खाली पोहोचला होता. ते दृश्य साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिले. पाणी अचानक गढूळ झाले, काड्या-कचरा वाहत येऊ लागला, लांबून घरघर ऐकू आली, की त्या क्षणी काठ सोडायचा. फोटो नंतर.

मोठ्या नदीचा पूर वेगळा. तो हळू येतो, दिवस घेतो, पण लांबवर पसरतो. गांधीसागरचे पाणलोट क्षेत्र साडेबावीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्यात आपली कान्हही आली, क्षिप्राही आली. इंदूर, देवास, उज्जैन, रतलाम, मंदसौर, सगळीकडचे नाले आपापल्या परीने लहानच. पण सगळे एकाच वेळी भरून निघाले आणि एकाच वेळी खाली पोहोचले की त्यांची बेरीज धरणाला पेलत नाही. इलाक्याचा पूर म्हणजे अशा हजारो नाल्यांची बेरीज. त्या बेरजेत सांवेर रोडच्या नाल्याचाही आकडा असतो.

म्हणून पाणी जिथल्या तिथे थोडे थांबवले तर खालचा पूर उतरतो. होळकरांच्या काळचे बिलावली, पिपल्यापाला, सिरपूरचे तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंतसागर पिण्याच्या पाण्यासाठी झाले, पण पुराचा पहिला धक्काही तेच झेलतात. सिरपूर आणि यशवंतसागर 2022 मध्ये रामसर यादीत गेले, आपण पेढे वाटले, चांगलेच झाले. पण तलाव यादीत जाऊन भागत नाही, त्यात पाणी येण्याची वाट मोकळी असावी लागते. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार होळकरांच्या निमंत्रणावरून इंदुरात आला होता. 1918 च्या त्याच्या अहवालात नद्या आणि त्यांचे काठ यांच्याकडे शहराचा महत्त्वाचा भाग म्हणून पाहिलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी सांगून झालेली गोष्ट आपण आज सेमिनारमध्ये नवी म्हणून ऐकतो.

आता आपल्या सांवेर रोडबद्दल

इथे प्लास्टिक, औषधे, रसायने, नमकीन, पत्र्याची कामे, सगळे आहे. पूर आला की मालाचे नुकसान होते, ते विम्याने कमी-अधिक भरून निघते. मला काळजी वाटते ती तीन गोष्टींची.

पहिली, माणसे. नाल्याच्या काठाला जी वस्ती आहे, तिथे आपल्याच कारखान्यांत काम करणारे लोक राहतात. पाणी रात्री येते तेव्हा पहिले त्यांच्या चुलीत शिरते. आणि रात्रपाळीचा चौकीदार, जो गेटपाशी जमिनीवर अंथरूण टाकून झोपतो, त्याच्याच शेजारी विजेचे पॅनेल असते. हातभर पाण्यात चालू वायर पडली तर काय होते हे सांगण्याची गरज नाही.

दुसरी, पिंपे. रसायनाचे अर्धे रिकामे पिंप पाण्यात तरंगते. ते वाहत नाल्यात, नाल्यातून कान्हमध्ये, आणि ज्या सांवेरच्या शेतकऱ्याने आपले काही बिघडवले नाही त्याच्या शेतात. कान्हचे घाण पाणी क्षिप्रेत जाऊ नये म्हणून मागच्या सिंहस्थाच्या वेळी ते पाइपने वळवण्याचे काम झाले. 2028 च्या सिंहस्थासाठीही मोठी कामे आहेत. पण अशी सोय असते ती रोजच्या सांडपाण्यासाठी. पुराचे पाणी कोणत्याही पाइपात मावत नाही.

तिसरी, पुलिया. नाल्यावरच्या लहान पुलाचा पाइप पॅकिंगच्या पट्ट्या, थर्माकोल, फाटक्या ताडपत्र्या यांनी तुंबतो. पाणी मागे चढते आणि शेजाऱ्याच्या फाटकातून आत जाते. आपण पाऊस मोजतो ढगात, खरा अडथळा असतो त्या पाइपाच्या तोंडाशी.

काय करता येईल

सरकारने काय करावे याची यादी मोठी आहे, आणि मी सरकारी नोकर असल्यामुळे तिथे थांबतो. आपण काय करावे एवढेच सांगतो.

हवामान खात्याचे रंग शिकून घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. नारिंगी दिसला की संध्याकाळी जाण्यापूर्वी जमिनीवरचा माल फळीवर चढवा, पिंपांची झाकणे घट्ट करून ती बांधून ठेवा, खालच्या प्लगांचा मेन बंद करा. पॅनेल कायमचे कमरेच्या वर घ्या. हा खर्च एकदाच होतो.

विजेसाठी पुण्याच्याच त्या संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घ्या. वीज पडून मरणाऱ्यांच्या संख्येत आपला मध्यप्रदेश दर वर्षी वरच्या क्रमांकात असतो, ही भूषणाची गोष्ट नव्हे. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर ती दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली नको, मंडपाच्या लोखंडी खांबाला टेकूनही नको. हे आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष ऐकावे.

वाहत्या पाण्यात पाय किंवा गाडी घालू नका. वेगाचे सहा इंच पाणी धडधाकट माणसाला पाडते. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. पुलियावरून पाणी वाहत असेल तर घरी फोन करा, ‘उशीर होईल’ म्हणा आणि थांबा. घरचे रागावतील, रागावू देत.

शेवटची गोष्ट मंडळासाठी, आणि यासाठीच मी बोलायला उभा राहिलो. आपण सजावटीवर, लाइटिंगवर खर्च करतो, तो आनंदाचा खर्च आहे, तो करूच. त्यातून थोडे बाजूला काढून तीन कामे करू. एक, मंडळाच्या गच्चीवर साधे पर्जन्यमापक बसवू. ते नसेल तर सरळ कडांचा डबा आणि फूटपट्टीसुद्धा चालते. दोन, नाल्यावरच्या पुलियाच्या भिंतीवर रंगाने फुटांच्या खुणा करू, त्यासाठी लागेल ती परवानगी मी मागून आणतो. तीन, एका वहीत रोज पाऊस आणि नाल्याची पातळी लिहू. आपली दहावी-अकरावीची मुले हे हसत करतील. दोन पावसाळ्यांत आपल्यालाच कळेल की तासाभरात किती पाऊस झाला की पाणी कोणत्या खुणेला येते आणि वस्तीत शिरायला किती मिनिटे लागतात. हे मोठमोठ्या रडारला कळत नाही, कारण तो आकडा फक्त आपल्या नाल्याचा असतो. आणि त्या वहीच्या मागच्या पानावर फोन नंबर. वरच्या बाजूच्या कोणाचा, वस्तीतल्या दोघातिघांचा, रात्रपाळीच्या चौकीदारांचा. खूण ओलांडली की फोन. मध्यरात्री असला तरी फोन.

आपले पूर्वज दोन-अडीचशे वर्षांपूर्वी होळकरांबरोबर, शिंद्यांबरोबर, पवारांबरोबर या प्रदेशात आले. इथल्या मातीने त्यांना ठेवून घेतले. इथे पावलोपावली पाणी असते असे जुने लोक कौतुकाने सांगत. त्या पाण्याला जायला वाट ठेवणे, आणि ते आपल्या दारावरून खाली जाताना खालच्यांना आधी हाक मारणे, एवढे आपल्याकडून व्हायला हरकत नसावी.

ज्यांना वहीच्या कामात नाव द्यायचे आहे त्यांनी आरतीनंतर माझ्याकडे यावे. वही मी आणली आहे, पहिली दोन पाने आखलेली आहेत.

गणपती बाप्पा मोरया!